कोठडीतला पोरगा

हापशीवर रुखमाबाईने पाणी भरायला गुंड लावला की रांगेतून कुणी ना कुणी विचारायचंच, "काय रुखमाबाई, सुटला का तुमचा पोरगा?"

रुखमाबाई दांडा हलवता हलवता सांगायची, "नाही सुटला अजून. सुटन."

अंगणवाडीवर नव्याने आलेल्या सुरभी मॅडमनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या जागीच थबकल्या. एवढी साधी बाई, तोंडात सदा देवाचं नाव, आणि पोरगा तुरुंगात! त्यांनी रुखमाबाईला जरा बाजूला घेतलं आणि आवाज खाली करून विचारलं, "काकू, कोणत्या केसमध्ये अडकलाय हो?"

रांगेतल्या बाया हसून हसून वाकल्या. तांड्यावरची रुपीबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, याईचा खरा पोरगा राजूरले डंपर चालवते. मोठा गुणाचा हाय तो. हा कोठडीतला पोरगा याईच्या शास्त्रातला हाय. याईनंच कोंडून ठेवला त्याले."

"मी कायले कोंडू?" रुखमाबाई म्हणाली, गुंड डोक्यावर घेतला आणि चालू लागली. पाठीमागे हसणं चालूच होतं. तिला त्याचा राग येत नव्हता असं नाही, पण हापशीवर रागवायला सुरुवात केली तर माणसाने पाणी प्यायचं कुठून?

त्या पोराची हकिकत अशी. घाटंजीकडच्या त्या गावात ख्रिस्ती घरं तीनच. पंजाबरावांच्या बापाने मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून या घरात रोज दिवेलागणीला शास्त्र वाचायची रीत पडली होती. वाचायचे पंजाबराव. रुखमाबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण ऐकायचं तिला चांगलं कळत होतं, आणि पंजाबराव वाचायचेही असे की शेजारच्या खेमसिंगच्या कोठ्यातले बैल कान टवकारायचे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जायचं, संपलं की परत पहिल्या पानावर यायचं. राजा बोलायला लागला की ते तहसीलदाराचा आवाज काढायचे. बाई बोलली की रुखमाबाईचा काढायचे, आणि मग थोडं भांडण व्हायचं.

या खेपेला वाचन आलं होतं भावांनी कोरड्या विहिरीत ढकललेल्या त्या पोरापाशी. भावांनी त्याला विकला, परमुलखात नेला, तिथे खोटा आळ आला आणि पोरगा कोठडीत पडला. कोठडीत त्याने राजाच्या एका नोकराचं भलं केलं. नोकर सुटला. जाताना म्हणाला असेल, तुझं नाव राजाच्या कानावर घालतो. आणि गेला तो विसरूनच गेला. इथे पंजाबरावांनी पानात दोरा घातला, पुस्तक मिटलं, म्हणाले, "उद्या सोडू त्याले." दुसऱ्या दिवशी ते फवारणीला गेले.

पोळा होऊन गेला होता. कपाशीची पऱ्हाटी कमरेच्या वर आली होती. पंजाबरावांनी नाकाला दुपट्टा बांधला, चार्जिंगचा पंप पाठीवर घेतला आणि तासात, पऱ्हाटीच्या दोन ओळींमध्ये, शिरले. हातमोजे खिशात होते आणि कृषी सहायकाने दिलेला चष्मा घरी खुंटीवर, कारण त्याच्यातून धुकट दिसतं असं त्यांचं म्हणणं. दुपारून वारा फिरला. त्यात नोझल अडकलं. ते तारेने साफ करायला त्यांनी तोंडापुढे धरलं आणि सगळं औषध उसळून डोळ्यात गेलं. वर्षा, त्यांची सून, पाणी घेऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आली तेव्हा ते तासातच बसले होते आणि औषधाच्याच हातांनी डोळे चोळत होते. खेमसिंगने मोटरसायकल काढली, त्यांना मध्ये बसवलं, मागून वर्षाने धरून ठेवलं आणि आधी घाटंजी, तिथून गाडीने यवतमाळ.

श्वास सावरला, उलट्या थांबल्या. डोळे मात्र राहिले. डॉक्टर म्हणाले, "बुबुळाला जखम आहे. उजव्या डोळ्याला उजेड कळतोय, हे चांगलं आहे. डाव्याचं मी आत्ताच काही सांगत नाही. थेंब टाकत राहा आणि वाट पाहा."

दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून रुखमाबाईने प्रार्थना केली. दुसरं काही सुचलं नाही तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "देवा, ते पुस्तक आता त्याईच्याच हातानं उघडन. त्यायले दिसन तवाच मी पुढचं ऐकीन." बोलून गेल्यावर तिचं तिलाच धस्स झालं. पण बोलून गेलं होतं, आणि ऐकणारा काही बहिरा नव्हता.

घरी आले त्या संध्याकाळी वर्षाने हातपाय धुऊन फळीवरचं शास्त्र काढलं. बारावी झालेली मुलगी, वाचायचीही स्वच्छ. "आई, मी वाचू? दोरा हाय तिथून?"

"ठेव ते."

"बाबाले बरं वाटन जरा."

"ठेव म्हटलं न पोरी. त्या पोराले तुहे सासरेच बाहेर काढतीन."

बाजेवर पडलेल्या पंजाबरावांनी कूस बदलली. तेव्हापासून पुस्तक फळीवर आणि पोरगा कोठडीत. वर्षाने ही गोष्ट एकदा हापशीवर हसत हसत सांगितली आणि गावाला खेळणं मिळालं.

पुस्तक मिटलं, तसं पंजाबरावांचं तोंडही मिटलं. एरवी हा माणूस प्रार्थनेला उभा राहिला की चुलीवरचं वरण करपायचं, पाऊसपाणी, सरकार, खेमसिंगचे बैल, सगळ्यांना त्यात जागा असायची. आता रुखमाबाई म्हणायची, "तुमी करा न प्रार्थना." ते म्हणायचे, "तूच कर. माहा आवाज नाही लागत." मग ती आधी आपल्या वाट्याची करायची आणि नंतर थोडं थांबून त्यांच्या वाट्याची. त्यांच्या वाट्याची जरा लांबच करायची, सवय मोडू नये म्हणून.

दाढीही वाढली. दर शनिवारी अंगणातल्या निंबाला टांगलेल्या आरशात पाहून ते स्वतः दाढी करायचे, रविवारच्या उपासनेसाठी. न्हावी दारात आला तर त्याला परत पाठवला. "माही दाढी मीच करन, आरशात पाहून." आरसा निंबावर तसाच होता. त्यात आता चिमण्या चोची मारायच्या.

दिवसभर बाजेवर बसून अंबाडीची दोरी वळायचे. बोटांना ते काम येत होतं. एक दिवस कुणाला न सांगता काठी घेऊन उठले, फाटकापर्यंत जाऊन यावं म्हणून. फिरून आले, कोठ्यात शिरले, बैलाच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि हाक मारली, "वर्षा, पाणी आण वं." पाणी खेमसिंगने आणून दिलं. कोठा खेमसिंगचा होता. तो बिचारा म्हणाला, "बसा पंजाबराव, तुमचंच घर हाय. च्या ठेवाले सांगतो." पण त्याची नातवंडं हसली ती हसलीच. पंजाबराव चहा न घेता उठले आणि वाटेत कुंपणाच्या तारेला अडकून बंडी फाडून घेतली. त्यानंतर ते अंगणाबाहेर गेले नाहीत. रुखमाबाईने बंडी शिवली तेव्हा तिला रडू आलं. बंडी तशी जुनीच होती.

महिन्याच्या ठरलेल्या रविवारी उपासना घ्यायला पाळक सेवादास घाटंजीहून मोटरसायकलवर आले. हे तांड्यावरच जन्मलेले, वयाने तरुण, बोलायला मऊ. अंगणात सतरंजी पडली, तीन घरची माणसं बसली. पाळकांनी फळीवरचं पुस्तक मागितलं आणि दोरा पाहून तिथेच उघडायला गेले. रुखमाबाईने त्यांच्या हातातून ते अलगद काढून घेतलं आणि पदरात धरलं. "दुसरं कोणतंबी वाचा. तुमच्या पुस्तकातून वाचा."

उपासना झाल्यावर चहा पिताना पाळक तिला म्हणाले, "आई, देवाशी अडून बसल्या काय?"

"अडून कोठी? वाट पाहून राह्यली."

"बरं."

"यात फरक असते काय बाप्पा? असन तं सांगा."

पाळकांनी कपातला चहा संपवला. "असते," ते म्हणाले, "पण खरं सांगू, मले बी दरवेळी कळत नाही." मग ते पंजाबरावांजवळ जाऊन नुसतेच बसले आणि त्यांना दोरी वळायला अंबाडी हातात देत राहिले.

इकडे दसरा गेला आणि कापूस फुटला. पऱ्हाटी खालपासून वरपर्यंत उलली. सगळीकडे वेचा सुरू झाला, बायांना मागणी आली. रुखमाबाईच्या वावरात मात्र कुणी शिरलं नाही.

त्याचं कारण सीतादही. पहिल्या वेच्याला वावरात दहीभात न्यायचा, ही त्या भागातली रीत. बाकीची घरं तासाच्या तोंडाशी खडे मांडतात, हळदकुंकू वाहतात, पऱ्हाटीवर दहीभात शिंपडतात. पंजाबरावांच्या बापाने खडे सोडले, दहीभात ठेवला. दहीभाताने कुणाचं काय बिघडलं आहे, असं म्हातारा म्हणायचा. तेव्हापासून या वावरात पहिल्या वेच्याला घरधनी उभ्याने प्रार्थना करतो आणि मग सगळ्या बाया मिळून दहीभात खातात. पंजाबरावांची ती प्रार्थना पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. रुपीबाई दरवर्षी म्हणायची, "आवरा आता, दही आंबून राह्यलं."

आता ते आवाजच लागत नाही म्हणणार. त्यांच्याशिवाय पहिला वेचा करायचा म्हणजे ते डोळे आता येत नाहीत, असं आपणच देवाला सांगितल्यासारखं होईल, असं रुखमाबाईच्या मनाने घेतलं. थोडं थांबू, तिने ठरवलं. उजव्या डोळ्याला उजेड कळतोच आहे. मग ते थोडं लांबत गेलं.

"फुटला का वं कापूस?" पंजाबराव विचारायचे.

"कोठी बाप्पा. बोंडं हिरवीच हायत. यंदा उशीर हाय."

खोटं बोलू नये हे त्या पुस्तकात लिहिलेलं आहे, हे वाचता येत नसलं तरी तिला पक्कं माहीत होतं. ती खोटं बोलायची आणि मग चुलीपाशी जाऊन माफी मागायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायची.

वर्षा वैतागली. "आई, कापूस लोंबला. पत्ती लागून राह्यली त्याले. आभाळ येऊन राह्यलं रोज. एक सर आली न, तं सारा मातीत जाईन."

"येणार नाही पाणी."

"काहून येणार नाही? तुमाले सांगून येते काय ते?"

वेचणाऱ्या बायांची टोळी नेणाऱ्या रुपीबाईने तर तोंडावरच सांगितलं, "माह्या बाया मी तुमच्यासाठी अडकवून ठेवल्या रुखमाबाई. उद्या-परवापर्यंत सांगा, नाही तं मी मारेगावकडे घेऊन जातो त्याईले. कापूस काही तुमच्या मालकाच्या डोळ्यासाठी थांबत नाही."

त्या दिवशी दुपारी रुखमाबाई एकटीच वावरात जाऊन आली. तासातून चालली, लोंबलेला कापूस अंगाला घासत होता. पूर्वेकडे ढग जमले होते. ती धुऱ्यावर बसली आणि म्हणाली, "तू काय करून राह्यला देवा, मले समजत नाही. मी तुह्यासाठीच थांबली न?" पऱ्हाटीत वारा शिरला. ती उठून घरी आली, कारण थेंब टाकायची वेळ झाली होती.

पंजाबराव बाजेवर डोकं मागे करून बसले. ती वाकून थेंब टाकत असताना तोल सावरायला त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात तिथेच थांबला. पदराला काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी ते काढलं आणि दोन बोटांत फिरवलं.

"हे काय वं?"

"काय?"

"कापूस हाय."

"गादीचा असन."

पंजाबराव बोटांत फिरवत राहिले. "गादीच्या कापसात सरकी नसते," ते म्हणाले.

रुखमाबाईने थेंबाची बाटली बंद केली. झाकण लागेना. वर्षा दारातून पाहत होती, ती आत गेली.

"चाल," पंजाबराव म्हणाले.

"कोठी?"

"वावरात."

काठीचं एक टोक तिने धरलं, दुसरं त्यांनी. गाव पाहत होतं. खेमसिंग ओसरीवरून उठून उभा राहिला. हापशीपाशी बाया होत्या, पण कुणी पोराचं विचारलं नाही. पंजाबराव पाय उचलून उचलून टाकत होते, सपाट जागीसुद्धा. रुखमाबाई म्हणायची "दगड," "नाली," "आता चढ." एवढंच बोलणं.

तासाच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी काठी सोडली. दोन्ही हात पुढे करून पऱ्हाटीवर ठेवले. वरून खाली, खालून वर चाचपत गेले. पहिलं झाड, दुसरं, तिसरं. उललेली बोंडं, लोंबणारा कापूस, वाळली पत्ती. एक फांदी मातीला टेकली होती, ती त्यांनी उचलून झटकली.

"किती दिस झाले फुटून?"

रुखमाबाईने पडलेली काठी उचलली.

"देवानं डोळे नेले, ते काहून नेले त्याचं त्याले माहीत," पंजाबराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागत होतं. "पण वावर तं तू नेलं माह्यापासून. मले दोनदा आंधळं केलं वं."

तेव्हा ती रडली. पदर तोंडाला लावून, उभ्या उभ्या. "मी त्याले बोलून बसली दवाखान्यात," ती म्हणाली. "तुमाले दिसन तवाच पुढचं ऐकीन म्हणून. मंग मले वाटलं, तुमच्याबिगर वेचा केला तं त्याले वाटन, हिनं आशा सोडली. मंग तो बी सोडन."

पंजाबरावांचा हात परत पऱ्हाटीवर गेला. एका बोंडातला कापूस त्यांनी उपसला, अगदी सबंध, आणि तळहातावर धरला.

"हा कोणं फोडला?"

"देवानं."

"माहे डोळे पाहून फोडला काय? बरे झाले का नाही ते विचारून?" त्यांनी तो कापूस तिच्या हातात कोंबला. "त्यानं आपलं काम थांबवलं नाही, तं तू कायले थांबली? अन् तू कापूस वेचला काय, नाही वेचला काय, त्याच्यानं त्याचं प्रेम कमी होते? येडी हाय तू, रुखमा."

फार वर्षांनी त्यांनी तिला नुसतं रुखमा म्हटलं होतं. तिने नाक पुसलं.

"आभाळ कसं हाय?"

"आलं हाय. उगवतीकडून काळं हाय."

"रुपीबाईले सांग. उद्या सकाळी बाया पाहिजे."

सकाळी दव होतं. बाया तासाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, डोक्याला फडके, कमरेला कापूस टाकायच्या ओट्या. वर्षाने दहीभाताने भरलेला गंज धुऱ्यावर ठेवला. पंजाबराव पुढे झाले. रुपीबाईने सवयीने बायांना खूण केली, की बसून घ्या, वेळ लागतो. रुखमाबाई त्यांच्या मागे उभी होती. आवाज नाहीच लागला तर आपण उचलून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

पंजाबरावांनी घसा खाकरला. परत खाकरला. दूर कुणाचं तरी ट्रॅक्टर चालू झालं आणि बंद पडलं.

"बापा," ते म्हणाले, "कापूस दिला. डोळे राह्यले हायत. वाट पाहून राह्यलो. आमेन."

बाया तशाच बसून राहिल्या. "झाली?" रुपीबाईने विचारलं.

"झाली. दही गोड हाय आज, खाऊन घ्या."

खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "मले ओटी बांध." वेचणं बाईमाणसाचं काम. पुरुषाने फार तर गाठोडी बांधावी, गाडी भरावी. रुखमाबाईने आपलं जुनं लुगडं चौपदरी करून त्यांच्या कमरेला बांधलं, आणि दाढीवाला उंच माणूस पोटापुढे झोळ घेऊन उभा राहिला तेव्हा बायांनी तोंडात पदर घातले.

"हसा, हसा," पंजाबराव म्हणाले. "मले कोठी दिसते?"

मग मात्र सगळ्याच मोकळ्या हसल्या, रुखमाबाईसुद्धा.

तिने त्यांना आपल्या शेजारचं तास दिलं. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचतात. डोळस बाईलाही टोचतात, त्यांची तर बोटं थोड्याच वेळात रक्ताळली. खालची फांदी, मधली, वरची, असा त्यांनी क्रम लावून घेतला. तरी कापूस मागे राहायचा. रुखमाबाईने हळूच हात लांब करून तो वेचला, तर लगेच म्हणाले, "राह्यलेला वेचू नको. मी परत येतो त्याच्यावर." आणि खरंच परत आले.

ऊन चढलं. बाया सरावाने पुढे गेल्या होत्या, पण रुपीबाई मुद्दाम रेंगाळली. "काय पंजाबराव," ती म्हणाली, "आता तरी त्या पोराले सोडा. बिचारा सडून राह्यला."

"डोळ्याशिवाय नाही," रुखमाबाई घाईने म्हणाली. "पुस्तकातून वाचल्याबिगर नाही."

पंजाबरावांचे हात थांबले नाहीत. "तो नोकर विसरला," त्यांनी सुरू केलं, "अन् पोरगा राह्यला आतमधी. साल गेलं, दुसरं बी गेलं."

"अहो," रुखमाबाई म्हणाली.

"तू वेच. तर इकडे राजाले सपन पडलं. नदीतून सात गाई निघाल्या, अशा तुकतुकीत. चरून राह्यल्या. मागून निघाल्या दुसऱ्या सात. ह्या हाडकुळ्या, कमरेची हाडं वर आलेल्या, आपल्या इकडे चैतात असतात तशा. अन् ह्या हाडकुळ्यायनं त्या तुकतुकीत गाई खाऊन टाकल्या."

"गाय गायीले खाते?" रुपीबाईने वेचणं थांबवलं.

"सपन होतं वं ते."

"सपन असलं म्हणून काय झालं?"

पुढे गेलेल्या बाया एकेक करून मागे आल्या. आपापलं तास सोडून जवळची तासं धरली. "हात चालू द्या बाई," रुखमाबाई म्हणत होती, आणि तिचे स्वतःचेच हात थांबले होते. एवढे दिवस जो आवाज लागत नव्हता तो आता पऱ्हाटीच्या वरून येत होता, तहसीलदारासकट. राजाला कुणी सपनाचा अर्थ सांगेना. मग त्या विसरभोळ्या नोकराच्या टाळक्यात उजेड पडला, की अरे, कोठडीत एक पोरगा आहे.

"आता आठवलं मेल्याले," एक बाई म्हणाली.

"आठवलं. देवानं आठवू दिलं तवा आठवलं. राजानं शिपाई धाडले. पोराले घाईघाईनं बाहेर काढलं. तं बाहेर आल्यावर त्यानं पहिलं काय केलं?"

"काय केलं?"

"दाढी केली," पंजाबराव म्हणाले. "कपडे बदलले. मंग गेला राजापुढं."

इथे ते थांबले. रक्ताळलेली बोटं त्यांनी आपल्या गालावरून फिरवली, एकदा वरून खाली. बायांना वाटलं घाम पुसला. रुखमाबाईने मात्र पाहिलं.

"म्हणजे सुटला?" रुपीबाईने खात्री करून घेतली.

"सुटला."

रुपीबाईने धुऱ्यापलीकडच्या वावरातल्या बायांना हाक मारून सांगितलं, "सुटला बरं बाई रुखमाबाईचा पोरगा."

पाणी आलं नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी आलं, पण तोवर पहिला वेचा घरात होता. वेच्याच्या संध्याकाळी समोरच्या खोलीत छातीइतका ढीग लागला आणि घरभर कापसाचा ऊबदार वास भरला. पंजाबराव निंबाखालच्या बाजेवर येऊन बसले. वर्षाने अंगणातला बल्ब लावला तसं त्यांनी तोंड बल्बाकडे वळवलं. एवढं त्यांना कळत होतं. त्याहून जास्त काही कळत नव्हतं.

"दाढी कर माही," ते रुखमाबाईला म्हणाले.

"मले कोठी येते?"

"मले दिसत नाही, तुले येत नाही. दोघं मिळून होऊन जाईन."

तिने साबण लावला. वस्तरा हातात घेतला. ते तिचं मनगट धरून दिशा दाखवत होते, इकडून असं, आता गाल ताण, आता खाली. हनुवटीपाशी कापलंच. ती घाबरली, आत धावली आणि ढिगातला चिमूटभर कापूस आणून त्या जागी दाबून धरला. दोघंही तसेच बसले, ती दाबून आणि ते दाबून घेत.

"आरशात पाह्य. कसा दिसतो?"

तिने निंबावरच्या आरशात पाहिलं. चिमण्यांनी घाण केला होता, तो पदराने पुसला. त्यात दोघंही दिसत होते.

"राजापुढं जाण्यासारखा दिसतो काय?"

"हापशीपुढं जाण्यासारखे दिसता," ती म्हणाली. "तेवढं पुरे हाय."

ते हसले तसा कापूस गळून पडला. मग तीच उठली. फळीवरचं पुस्तक काढून पंजाबरावांच्या मांडीवर ठेवलं. पंजाबरावांनी बोटांनी दोरा शोधला आणि पुस्तक उघडलं. ते उलटं धरलं होतं. वर्षाने ते सुलटं केलं आणि आपल्याकडे ओढलं, पण वाचेना. ती सासूकडे पाहत होती.

रुखमाबाईने पंजाबरावांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते होते तसेच होते. ती त्यांच्या बाजेला टेकून खाली बसली.

"वाच पोरी," ती म्हणाली. "दोरा काढून टाक."

वर्षा वाचू लागली. राजा बोलायची वेळ आली की ती थांबायची, आणि पंजाबराव आठवून आठवून तहसीलदाराचा आवाज काढायचे. कुंपणापलीकडे खेमसिंगने बैलांना वैरण टाकायची थांबवली, आणि तोही ऐकत उभा राहिला.